उत्तर यायला उशीर झाला की विश्वास कुठे जातो?

उत्तरार्ध

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं इथे फोरमवर टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्या दोन मैत्रिणी आहेत. दोघींचे जोडीदार साधारण एकाच छापाचे, म्हणजे सरळ, कामात बुडालेले आणि मेसेजला उत्तर द्यायचं हमखास विसरणारे. दुपारी मेसेज टाकला आणि संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही तर पहिली म्हणते असेल मीटिंगमध्ये, आणि खरंच विसरून जाते. दुसरी तेवढ्या वेळात लास्ट सीन बघते, त्याने कोणाच्या फोटोला लाइक दिलंय का बघते, काल रात्रीचं बोलणं आठवून त्यातला एखादा शब्द उकरून काढते आणि तो घरी येईपर्यंत अख्खा खटला चालून निकालपण लागलेला असतो. गंमत म्हणजे विचारलं तर दोघीही सांगतात की माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि दुसरी खोटं बोलत नाहीये हे मी तिला इतकी वर्षं ओळखते म्हणून सांगू शकते.

मग हा जो विश्वास विश्वास आपण म्हणतो तो समोरच्याच्या वागण्यावर किती अवलंबून असतो आणि स्वतःला "माहीत नाही" या अवस्थेत किती वेळ बसता येतं त्यावर किती? मला वाटायला लागलंय की दुसरा भाग आपण धरतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

यावर थोडं वाचलं. मानसशास्त्रात अनिश्चितता सहन न होणं हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठातल्या फ्रीस्टन, डुगा, लादुसर वगैरे मंडळींनी १९९४ साली त्यासाठी २७ विधानांची एक प्रश्नावली केली, मुळात फ्रेंचमध्ये. प्रेमाशी तिचा काहीही संबंध नव्हता. सतत चिंता करणारी माणसं इतकी चिंता का करतात हे त्यांना शोधायचं होतं, आणि सापडलं ते असं की अशा माणसाला वाईट घडण्याइतकाच, कधीकधी त्याहून जास्त, त्रास "घडेल की नाही घडणार" हे माहीत नसण्याचा होतो. पुढे २००७ मध्ये तिची १२ विधानांची छोटी आवृत्ती आली, त्यात दोन भाग वेगळे दिसतात. एक म्हणजे पुढचं सगळं आत्ताच कळायला हवं ही तगमग, आणि दुसरा म्हणजे नक्की माहीत नसलं की हातपायच गळणं, काही ठरवताच न येणं.

आता हे प्रेमाला लावून बघा. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे तर कधीच पूर्ण कळत नाही, म्हणजे ज्याला अनिश्चितता झेपत नाही त्याने अशाच ठिकाणी मुक्काम ठोकलाय जिथे ती चोवीस तास आहे. काय वाटतं तुम्हाला? काड्या टाकणाऱ्यांचंही स्वागत.

तर्कट

काडी टाकतोच मग.

म्हणजे नवरा उत्तर देत नाही, फोन पालथा ठेवतो, रात्री गॅलरीत जाऊन बोलतो, आणि बायकोने काय करायचं तर स्वतःची सहनशक्ती तपासायची? वा! उद्या प्रत्येक लफडेबाज माणूस हा धागा बायकोला फॉरवर्ड करेल की बघ बाई तुझाच प्रॉब्लेम आहे, कॅनडातल्या लोकांनी सिद्ध केलंय. संशयाला कारण असतं बऱ्याचदा. ते कारण सोडून संशय घेणाऱ्याच्या डोक्याचा एक्सरे काढायचा ही पद्धत मला पटत नाही.

उत्तरार्ध

तर्कट, मुद्दा मान्य, पण मी जे उदाहरण दिलंय त्यात फोन पालथा नाही आणि गॅलरीपण नाही. काहीच नाहीये, तेच तर म्हणतेय. कारण असेल तर तो पुरावा झाला, मग अनिश्चितता राहिलीच कुठे. मला विचारायचंय ते पुरावा दोन्हीकडे सारखाच शून्य असताना दोन माणसं इतकी वेगळी का वागतात याबद्दल.

निवांत_गडी

मी तुमच्या पहिल्या मैत्रिणीच्या टीममधला. बायको बाहेर गेली की ती येते तेव्हा येते, मधे मी फोन करत नाही, कुठे होतीस विचारत नाही, कोणाबरोबर होतीस तर अजिबातच नाही. मला वाटायचं मी आदर्श नवरा आहे. तर परवा भांडणात ऐकायला मिळालं की "तुला काही फरकच पडत नाही, मी दोन दिवस आले नाही तरी तू झोपशील". आता बोला. विश्वास ठेवला तरी मार.

सांजसावली

निवांत_गडी 😂 दोन दिवस आली नाही तर निदान पोलिसात तरी जा हो

शून्यप्रहर

समुपदेशनाच्या कामात आहे, त्यामुळे हा विषय रोजचाच. थोडं सविस्तर लिहितो.

रेम्पेल, होम्स आणि झॅना या तिघांनी १९८५ मध्ये जवळच्या नात्यातल्या विश्वासाचे तीन थर मांडले होते, अजूनही ते खूप वापरले जातात. पहिला थर अंदाजाचा, म्हणजे हा माणूस साधारण कसा वागेल हे मला मागच्या अनुभवावरून सांगता येतं. दुसरा भरवशाचा, इथे सुट्या सुट्या वागण्यावरून नजर माणसावर जाते, हा एकूणच विश्वासार्ह आहे असं वाटायला लागतं. तिसरा श्रद्धेचा, म्हणजे पुढे जे कधी घडलेलंच नाही, ज्याचा पुरावा असूच शकत नाही, त्यातही हा माझी साथ सोडणार नाही असं धरून चालणं. तिसऱ्या थरात जाताना पुरावा संपतो आणि तरी पाऊल टाकावं लागतं.

ज्याला अनिश्चितता झेपत नाही तो माझ्या बघण्यात पहिल्या थरावर अडकतो. त्याला जोडीदाराचं वेळापत्रक पाठ असतं. किती वाजता निघाला, किती वाजता पोचायला हवा, एरवी मेसेजच्या शेवटी हसरा चेहरा टाकतो आज का नाही टाकला. माहिती भरपूर असते, त्यामुळे त्यालाही वाटतं आपण फार जवळ आहोत. पण वेळापत्रक जरा बदललं की सगळं गडगडतं कारण खाली दुसरा थर बांधलेलाच नाही. आणि तर्कट, गडगडण्यासाठी समोरच्याने काही चुकीचं करायची गरज नसते, नवीन नोकरी लागली तरी पुरतं.

दुसरी गोष्ट तपासण्याबद्दल. लास्ट सीन बघितलं, फोन चाळला, "तुझं माझ्यावर प्रेम आहे ना" विचारलं आणि "हो" आलं, की बरं वाटतं. खरंच वाटतं. आणि तिथेच घोळ आहे. बरं वाटलं म्हणजे मेंदू शिकला की तपासल्यामुळे संकट टळलं, पुढच्या वेळी तो अजून लवकर तपासायला लावतो. खाजवल्यावर खाज वाढते तसं. काही लोकांमध्ये हे इतकं वाढतं की त्याला नात्याभोवती फिरणारा ओसीडी (तोच विचार परत परत येणं आणि परत परत तपासत राहणं हा मानसिक आजार) म्हणतात, "हाच माणूस माझ्यासाठी योग्य आहे ना", "मला खरंच प्रेम वाटतंय ना" याची दिवसभर उलटतपासणी. त्यातली किती माणसं बाहेरून अगदी सुखी जोडपं दिसतात सांगून खरं वाटणार नाही.

मोरपीस

शून्यप्रहर यांच्या प्रतिसादाला +१, विशेषतः बरं वाटतं आणि तिथेच घोळ आहे याला.

आम्ही दोघांनी मध्यंतरी लोकेशन शेअरिंग चालू केलेलं. कल्पना माझी पण तो लगेच हो म्हणाला, त्याला काय लपवायचं होतं. सुरुवातीला एकदम शांत वाटलं कारण कुठे आहेस हा प्रश्नच संपला, नकाशावर ठिपका दिसतोय की. मग एक दिवस ठिपका एका अनोळखी गल्लीत थांबला. लोकेशन नसतं तर मला ती गल्ली कळलीच नसती आणि तो आला तेव्हा "उशीर झाला" एवढ्यावर विषय संपला असता, पण आता ठिपका बघितलाय म्हटल्यावर ती गल्ली कोणाची, तिथे काय आहे, इतका वेळ का. कारण निघालं गाडी पंक्चर. पण मला त्या दिवशी हे जाणवलं की जेवढी माहिती वाढते तेवढे नवे प्रश्न तयार होतात, आधी एकच प्रश्न होता कुठे आहेस, आता गल्ली गल्लीचे प्रश्न. निळ्या टिकांचं तेच. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सअपने त्या आणल्या, त्याआधी मेसेज पोचला एवढंच दिसायचं, वाचलाय की नाही कळायचं नाही, म्हणजे "अजून वाचला नसेल" असं म्हणून गप्प बसता यायचं. टिका निळ्या झाल्या आणि ती सोय गेली. वाचलाय आणि उत्तर नाही हे आता पक्कं माहीत असतं, फक्त का नाही ते माहीत नसतं.

तर्कट

मोरपीस यांचा अनुभव चांगला आहे पण पंक्चर निघालं म्हणून. पंक्चर नसतं निघालं तर इथे सगळ्यांनी लोकेशनचे गोडवे गायले असते.

आणि दुसरं, ज्याची आधी एकदा फसवणूक झालीय त्याचं काय? तो जन्मतः असा नव्हता ना. बिनधास्त विश्वास ठेवायचा, तोंडावर आपटला, आता तपासतो. याला असहनशील म्हणणार की शहाणा?

शून्यप्रहर

रास्त प्रश्न. फसवणूक झालेल्या माणसाचा पहिला थरच उखडलेला असतो, त्याला श्रद्धेबद्दल प्रवचन देणं क्रूरपणा आहे. अशा वेळी काही काळ उघडी पुस्तकं लागतात, फोन, हिशोब, वेळ, सगळं. पण मी दोन गोष्टी बघतो. एक, ही माहिती समोरचा आपणहून देतोय की हिसकावून घ्यावी लागतेय. "आज अमुक भेटली होती, आधीच सांगतो" या एका वाक्याने जे होतं ते शंभर वेळा फोन तपासून होत नाही, कारण फोन तपासून सापडलं नाही याचा अर्थ फक्त सापडलं नाही एवढाच. दोन, तपासणी हळूहळू कमी होतेय का. नातं सावरत असेल तर ती कमी होते. वर्ष उलटून गेलं, समोरचा सरळ वागतोय आणि तपासणी तेवढीच किंवा जास्त, तर मग ती त्या जुन्या घटनेबद्दल राहिलेली नाही.

बाकी फोन हिसकावणं, मित्रमैत्रिणी तोडायला लावणं, कपड्यांवर नजर, याला मी अनिश्चितता सहन होत नाही वगैरे नाव देणार नाही. तो ताबा आहे, आणि तिथे जोडीदाराने समजून घेत बसू नये.

अडाणी_चष्मा

धागा वाचून माझीच चिंता वाढली. बायकोला विचारलं आपला कुठला थर, ती म्हणाली आधी कपाटावरच्या धुळीचा थर बघ.

वळणवाट

एक प्रयोग आठवला, इथे चपखल बसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये केलेला, २०१६ मध्ये छापून आला. ४५ लोकांना कॉम्प्युटरवर दगड उलटायचा खेळ दिला, दगडाखाली साप निघाला की हाताला शॉक, चांगला दुखणारा. साप निघायची शक्यता सतत बदलती ठेवलेली. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं मोजलं. तर सगळ्यात जास्त ताण शॉक नक्की बसणार तेव्हा नव्हता, तो बसायची शक्यता बरोबर निम्मी निम्मी असताना होता. नक्की बसणार म्हटल्यावर लोक तुलनेने शांत!

यावरून मला आमच्या ग्रुपमधल्या एकाची प्रेमप्रकरणं उलगडली. सगळं छान चालू असतं आणि अचानक हाच भांडण उकरून ब्रेकअप करतो. विचारलं की म्हणतो "ती तशीही सोडून गेलीच असती". म्हणजे वाईट बातमी परवडली पण टांगती तलवार नको. आम्हाला वाटायचं याला गंभीर व्हायचंच नाही, खरं तर गडी इतका गंभीर होता की वाट बघवायची नाही.

असाच दुसरा प्रकार म्हणजे गुपचूप परीक्षा घेणं. बॅक्स्टर आणि विल्मॉट या संशोधकांनी १९८४ मध्ये यावर लिहिलंय. थेट विचारायची भीती म्हणून माणसं काय काय करतात, मुद्दाम काही दिवस संपर्क तोडायचा आणि कोण आधी फोन करतो बघायचं, दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेऊन जळतो का बघायचं, मुद्दाम त्रासदायक वागून हा किती सहन करतो बघायचं. परीक्षा आहे हे समोरच्याला माहीत नाही, अभ्यासक्रम माहीत नाही, नापास मात्र होतो.

सांजसावली

"कोण आधी फोन करतो बघायचं" 🙈 हे आख्खं कॉलेज करतं हो, यावर संशोधन करायला लागलं त्यांना?

पण वळणवाट, थोडीशी अनिश्चितता मजेची पण असते ना. सगळं पहिल्याच दिवशी कळलं तर प्रेमात पडायचं कशाला.

वळणवाट

हो, त्याचाही प्रयोग आहे. २०११ चा, व्हर्जिनिया विद्यापीठातला. मुलींना फेसबुकवरचे काही मुलगे दाखवले आणि सांगितलं की यांनी तुमचं प्रोफाइल बघितलंय. काहींना सांगितलं की यांना तुम्ही सगळ्यात जास्त आवडलात, काहींना सांगितलं की साधारण आवडलात, आणि काहींना सांगितलं दोन्हीपैकी काहीही असू शकेल. सगळ्यात जास्त ओढ तिसऱ्या गटाला वाटली, विचारही त्यांच्याच डोक्यात जास्त घोळले. (मुलगे खरे नव्हतेच, तो भाग वेगळा.) पण हे अनोळखी माणसाबद्दल झालं. ओढ आणि विश्वास या दोन गोष्टींची पुष्कळ लोक गल्लत करतात असं आपलं माझं मत.

बिनधास्त_बाई

आता मी बोलते कारण सगळे तपासणाऱ्यांच्याच मागे लागलेत.

ज्यांना अनिश्चितता झेपते त्यांचा फायदा घेणारेही असतात. मी एका माणसाबरोबर बराच काळ होते, आमचं नक्की काय आहे हे कधीच ठरलं नाही. विचारलं की "नाव कशाला द्यायचं, छान चाललंय की". आणि मी समंजस, मी कूल, मला घाई नाही, मी कोणावर दडपण आणत नाही. माझ्या सहनशक्तीवर त्याचं छान भागत होतं. नंतर कळलं तो इतरांनाही हेच सांगत होता, आणि तांत्रिकदृष्ट्या खोटं एकदाही बोलला नाही, कारण तो काही बोललाच नव्हता. तेव्हा उत्तरार्धताई, तुमच्या पहिल्या मैत्रिणीलाही सांगा जरा अधूनमधून विचारत जा. सगळी शांतता चांगली नसते.

शून्यप्रहर

बिनधास्त_बाई, महत्त्वाचं लिहिलंत.

नात्यातल्या अनिश्चिततेवर नोब्लॉक आणि सॉलोमन यांनी १९९९ मध्ये एक साधी विभागणी केली होती. मला स्वतःबद्दल खात्री नाही (मला हे हवंय का), समोरच्याबद्दल खात्री नाही (त्याला हवंय का), आणि नात्याबद्दल खात्री नाही (हे नक्की आहे काय, चाललंय कुठे). तुमच्या बाबतीत तिसरी होती, आणि ती राखून ठेवण्यात समोरच्याचा फायदा होता. माझ्याकडे येणारे बरेच जण सांगतात की जोडीदारावर विश्वास बसत नाही, आणि दोन तीन भेटींनंतर निघतं ते पहिलं, की त्यांचं स्वतःचंच ठरत नाहीये.

उत्तरार्ध

हे वाचून मला एक सुचतंय, चूक असेल तर सांगा.

प्रश्न दोन प्रकारचे आहेत. काहींना उत्तर असतं. आपण फक्त एकमेकांचे आहोत का, तुला मूल हवंय का, काल कुठे होतास, जुन्या मैत्रिणीशी बोलणं चालू आहे का. आणि काहींना उत्तरच नाही, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही माहीत नाही. दहा वर्षांनी मी तुला आवडेन का, माझ्यापेक्षा चांगली कोणी भेटली तर काय करशील, तू कधीच बदलणार नाहीस ना. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांवर सहनशक्ती खर्च करण्यात काही अर्थ नाही, सरळ विचारावं आणि उत्तर मिळत नसेल तर तेच उत्तर समजावं. बिनधास्त_बाईंचा प्रश्न तो होता. दुसऱ्या प्रकारात कितीही विचारा, फोन चाळा, शपथा घ्यायला लावा, काही हाती लागत नाही कारण तिथे काही नाहीच आहे. आणि माझ्या दुसऱ्या मैत्रिणीचं बहुतेक असं होतं की तिला छळणारा प्रश्न असतो दुसऱ्या प्रकारातला आणि विचारते ती पहिल्या प्रकारातला. "कुठे होतास" विचारते, तो सांगतो, उत्तर खरं असतं, आणि तिचं समाधान होत नाही. मग तो वैतागतो, सांगितलं ना! दोघांचंही बरोबर.

मोरपीस

उत्तरार्ध, हे स्क्रीनशॉट काढून ठेवतेय.

तर्कट

ही विभागणी मला पटली, नोंद घ्यावी, असं फार क्वचित होतं. फक्त प्रत्यक्षात दोन्ही इतके स्वच्छ वेगळे नसतात. "जुन्या मैत्रिणीशी बोलणं चालू आहे का" याला उत्तर आहे, पण ते खरं आहे का हा परत प्रश्नच. प्रत्येक उत्तरावर विश्वास ठेवायलाच लागतो कुठेतरी. म्हणजे फिरून परत तिथेच.

वळणवाट

निकलास लुहमान नावाचा जर्मन समाजशास्त्रज्ञ साधारण हेच म्हणत होता, १९६८ मध्ये. सगळी माहिती कधीच हातात येणार नाही आणि तरी वागायचं तर असतंच, ते ज्याच्या जोरावर जमतं तो विश्वास. सगळं माहीत असेल तिथे विश्वास लागतच नाही.

परतीचा_प्रवासी

पहिल्यांदाच लिहितोय, मोबाईलवरून, शुद्धलेखन माफ करा. मी उत्तरार्ध यांच्या दुसऱ्या मैत्रिणीसारखा आहे फक्त पुरुष. आम्ही वेगवेगळ्या शहरात, वेळेचा फरक पण आहे, ती झोपलेली असते तेव्हा माझी संध्याकाळ. ती चांगली आहे हे मला डोक्याला पूर्ण कळतं. तरी रात्री उत्तर आलं नाही की छातीत धडधडतं आणि मी चार पाच मेसेज टाकतो आणि सकाळी तेच वाचून मलाच लाज वाटते आणि ती आता कंटाळली आहे, तिने तसं म्हटलंय. हे सगळं वाचून कळलं की असं होतं पण करायचं काय?

शून्यप्रहर

परतीचा_प्रवासी, लिहिलंत ते बरं केलंत. इथून निदान होत नाही, झोप आणि काम यावर परिणाम होत असेल तर जवळच्या मानसोपचार तज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला जरूर भेटा. पण डुगा, लादुसर यांनी पुढे जी उपचारपद्धत बसवली त्यातलं एक घरीही करता येतं.

धडधड सुरू झाली की मेसेज टाकायच्या आधी वहीत लिहा: मला काय झालंय असं वाटतंय, आणि त्याची मला किती खात्री आहे. मग मेसेज फक्त पुढे ढकला. कधीच टाकायचा नाही असं ठरवलंत तर दहा मिनिटांत मोडाल, म्हणून अर्धा तास, जमलं तर पुढच्या वेळी एक तास. सकाळी त्याच पानावर खरं काय निघालं ते लिहा. बरीच पानं झाल्यावर आपले अंदाज किती बरोबर येतात ते दिसतं. त्याहून मोठं म्हणजे दुसरी गोष्ट दिसते, की माहीत नसतानाची ती रात्र गेली, आणि तुम्ही ती काढलीत. उपचाराचा खरा हेतू हा दुसरा आहे. "ती नक्की प्रामाणिक आहे" हे मी तुम्हाला पटवायला लागलो तर मीपण तुमचा अजून एक लास्ट सीन होईन.

अजून एक तपासा. अशा लोकांना आतून वाटत असतं की काळजी करणं म्हणजे काळजी घेणं, मी सावध राहिलो म्हणून वाईट टळलं. तसं असेल तर काळजी सोडताना अपराधी वाटेल. वाटू दे.

आणि तिला हा प्रतिसाद दाखवायला हरकत नाही. तिने त्याच प्रश्नाला रोज नव्याने उत्तर देऊ नये. "हे आपलं बोलणं झालंय, माझं उत्तर तेच आहे, आता दुसरं काहीतरी बोलूया" असं प्रेमाने म्हणावं. चिडून म्हटलं तर मात्र उलटं होतं, चिडणं हाच पुरावा ठरतो.

परतीचा_प्रवासी

वही घेतली. बघतो. धन्यवाद सगळ्यांना.

निवांत_गडी

नमस्कार, मी निवांत_गडी यांची बायको. आयडी त्यांचा, लॉगिन उघडं होतं, आणि हो, विचारून लिहितेय, नाहीतर तर्कट म्हणतील फोन चाळला.

वरचं सगळं वाचलं. इथे दोन टीम केल्यात, एक अनिश्चितता झेपणारी आणि एक न झेपणारी, आणि आमचे हे स्वतःच जाऊन पहिल्या टीममध्ये बसलेत. मला ते मान्य नाही. हे कुठे होतीस विचारत नाहीत, ठीक. पण हे काहीच विचारत नाहीत. मी महिनाभर नोकरी सोडायचा विचार करत होते, चेहऱ्यावर दिसत होतं, विचारलं नाही. आमचं मधे बरं चाललेलं नव्हतं, मी दोनदा विषय काढला, दोनदा यांना अचानक गाडी धुवायची आठवण झाली. दुसरी मैत्रीण निदान प्रश्न तरी विचारते, यांना उत्तर काय येईल याचीच इतकी भीती की प्रश्नच नको. मला विचाराल तर यांना अनिश्चितता तिच्यापेक्षा कमी झेपते. ती तपासून पळते, हे न बघता पळतात.

बिनधास्त_बाई

वहिनी, दंडवत!

तर्कट

आयडी कायमचा वहिनींच्या नावावर करा.

शून्यप्रहर

वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. १२ विधानांच्या प्रश्नावलीतला दुसरा भाग, जो उत्तरार्ध यांनी सुरुवातीला सांगितला, हातपाय गळणं, त्याच्या जवळचंच हे. बाहेरून ते शांतपणासारखं दिसतं म्हणून समुपदेशनाला असे लोक स्वतः येत नाहीत, त्यांना कोणीतरी घेऊन येतं. खरंच झेपतंय की टाळतोय हे ओळखायला मी एवढंच बघतो: ज्याचं उत्तर माहीत नाही असा अवघड विषय जोडीदाराने काढला की माणूस त्या खोलीत थांबतो का. ज्याला झेपतं तो "मला आत्ता माहीत नाही" म्हणतो आणि बसून राहतो. टाळणारा विषय बदलतो, विनोद करतो, किंवा लगेच "सगळं ठीक होईल" म्हणून मोकळा होतो.

निवांत_गडी

आता मी स्वतः. गाडी खरंच घाण झाली होती. बाकी वाचलं, विनोद करणाऱ्यांत नाव आलं तेही वाचलं. तिचं म्हणणं आहे की नोकरीचं आज बोलायचं, तर थांबतो इथे.